ट्रिम म्हणजे पासंग : नवशिक्यांच्या हेलिकॉप्टरचा तोल

रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर पहिल्यांदा हातात आलं की जवळजवळ सगळे एकच प्रश्न विचारतात. वर उचललं की ते स्वतःभोवती गोल फिरत राहतं, किंवा एका बाजूला सरकत जाऊन भिंतीला धडकतं; मग ट्रिमचं बटण कुठे आणि किती फिरवायचं? आज त्याचं उत्तर देणार आहे. पण ट्रिमला हात लावायच्या आधी करायच्या गोष्टी जास्त आहेत, आणि त्या न केल्यामुळे माझ्या घरी काय झालं तेही सांगणार आहे.

आमचं घर जबलपूरच्या सराफ्यात. कमानिया गेटकडून आत आलात की दोन्ही बाजूंना दागिन्यांची दुकानं लागतात, त्यातल्याच एका गल्लीत. आम्ही सोनार नव्हे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सराफांचे काटे दुरुस्त करायचे. दांडी वाकली, पारड्याची साखळी बदलली, मधल्या धारेवर गंज आला, की काटा आमच्या माळ्यावर यायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि ते काम संपलं. मी नोकरी विजेच्या उपकरणांची केली. आबांचा एक काटा मात्र काचेच्या पेटीत अजून आहे, आणि आजचा विषय मला त्या काट्यानेच समजावला.

आबा काटा हातात घेतला की आधी रिकामी पारडी बघायचे. दांडी आडवी राहते का, मधला काटा सरळ उभा राहतो का. राहत नसेल तर पारडी पुसायची, साखळ्यांचा पीळ काढायचा, धार साफ करायची. हे सगळं करूनही केसभर फरक उरलाच, तर हलक्या बाजूला बारीकसा तुकडा लावायचा. त्याला पासंग म्हणतात. पासंग वाईट नाही, प्रत्येक हाताने घडवलेल्या काट्यात थोडा फरक असतोच. पण पारड्याला मेण चिकटलेलं असताना ते न काढता समोरच्या पारड्यात पासंग टाकला, तर काटा आज सरळ दिसेल आणि मेण निघालं की खोटं वजन दाखवेल. पासंग लावावा लागला की आबा विचारायचे, "का लागला?" तो वाढत गेला तर काटा गिऱ्हाइकाला परत द्यायचे नाहीत.

रिमोटवरचं ट्रिम हा पासंगच आहे. तुम्ही स्टिक मध्यावर सोडली तरी यंत्राला सतत थोडासा हुकूम चालू ठेवायचा, एवढंच ते करतं. डावीकडे जातंय? मग कायम थोडं उजवीकडे ढकलत राहा. डावीकडे का जातंय, ते ट्रिमला माहीत नसतं.

आता घरची गोष्ट. माझ्या पुतणीला अकराव्या वाढदिवसाला हेलिकॉप्टर मिळालं. नवशिक्यांसाठी बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तोच प्रकार. सायमाचं एस १०७ ज्या घराण्यातलं आहे, ते. एकाच दांड्यावर दोन रोटर, एकावर एक, उलट दिशांना फिरणारे. सगळ्यात वर दोन टोकांना वजनं असलेली दांडी, तिला फ्लायबार म्हणतात. शेपटीला आडवा बारका पंखा. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. एका चार्जवर सहा ते आठ मिनिटं उडतं.

पहिल्याच रविवारी ते कपाटावर आपटलं आणि खालच्या रोटरच्या एका पात्याचं टोक उडालं. तुकडा करंगळीच्या नखाएवढा. नवीन पाती जयंती कॉम्प्लेक्समध्ये मिळाली असती, पण मला वाटलं, एवढ्याशासाठी कशाला? मी आमच्या शेजारच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही पाती ठेवली. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. फरक आला तीस मिलिग्रॅम, सराफ्याच्या जुन्या भाषेत पाव गुंज. एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (आता दुकानात तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात, ते सोडा.) मी तुटक्या पात्याच्या मुळाशी, स्क्रूच्या जवळ, चिकटवण्याचे दोन थेंब टाकले. थेंब मुळाशी का? तिथे पातं जाड असतं, दिसत नाही, आणि हवेला अडत नाही. पुन्हा मोजलं. दोन्ही वजनं तंतोतंत. मी खूश.

हेलिकॉप्टर उडालं, पण खालून घुरघुर यायला लागली. आणि नाक हळूहळू डावीकडे वळायला लागलं. मी ट्रिम उजवीकडे दोन रेघा फिरवलं, सरळ झालं. पुढच्या आठवड्यात तीन रेघा. मग पाच. पुतणी म्हणाली, "काका, हे रोज जास्त का लागतं?" मी म्हटलं, बॅटरी जुनी होतेय. एका संध्याकाळी ट्रिम पार शेवटाला टेकलं होतं, ती समोर बसली होती, आणि ते पातं मुळापासून तुटून उडालं. तिच्या भुवईखाली चीर पडली. टाके पडले नाहीत. डोळा बोटभर खाली होता.

त्या रात्री मी ते पातं भिंगाखाली धरलं. स्क्रूच्या भोकापासून जुनी भेग होती, कडेला मळ बसलेला, म्हणजे ती त्या दिवसाची नव्हे. मग सगळी साखळी उलटी लागली.

वजन सारखं होतं, तोल सारखा नव्हता. टोकाचा तुकडा गेला तो मध्यापासून नऊ सेंटिमीटरवर. थेंब टाकले ते दोन सेंटिमीटरवर. इलेक्ट्रॉनिक काट्याला अंतर कळत नाही, तो फक्त किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. फिरणाऱ्या वस्तूला मात्र अंतरच मोजायचं असतं. गणित करून बघा: तीस मिलिग्रॅम, सात सेंटिमीटरचा फरक, रोटर मिनिटाला दोन हजार फेरे धरा. बाहेरच्या बाजूला ओढणारं बळ निघतं नऊ ग्रॅम वजनापेक्षा थोडं जास्त. चाळीस ग्रॅमच्या यंत्राला त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि ओढ्याची दिशा सेकंदाला तेहतीस वेळा गरगर फिरणारी. ती घुरघुर होती ती हीच. त्या हादऱ्याने मुळाशी भेग पडली. भेग पडलेलं पातं वारा घेताना पिळवटतं, त्याचा कोन कमी होतो, खालच्या रोटरचा जोर घटतो. दोन रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये नाक कुठे वळायचं ते वरच्या आणि खालच्या रोटरच्या जोरातल्या फरकावर ठरतं. म्हणून नाक वळत होतं. भेग वाढली तसं वळणं वाढलं, आणि मी पासंग वाढवत राहिलो. ट्रिम मला रोज सांगत होतं की काहीतरी तुटतंय. टोकाचा वेग अशा रोटरला ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात जातो, हे मी नंतर मोजलं.

तर आता क्रमाने बघू. घाई करू नका. पहिल्यांदा तास लागेल, पुढे दहा मिनिटांत होतं.

बॅटरीचं बटण बंद करून दिव्याखाली बसा. प्रत्येक पातं हलकेच वाकवून मुळाशी बघा. पांढरी रेघ दिसली की पातं बाद. टोक उडालंय, बाद. चिकटवायचं नाही, हे मी तुम्हाला सांगायला पात्र माणूस आहे. बदलताना जोडीने बदला. आणि वरची पाती वर, खालची खाली. दोन्ही उलट फिरतात, त्यामुळे त्यांचे पीळ उलटे असतात. पात्यांवर बहुतेक अक्षरं कोरलेली असतात, ती बघा.

मग जोडीचा तोल. इथे आबांचा काटा कामाला येतो, पण तुमच्याकडे तो नसेल तर दोन काचेचे पेले पुरतात. दोन्ही पाती मुळाशी मूळ लावून, विरुद्ध दिशांना तोंडं करून, एकाच लांब बारीक स्क्रूने घट्ट आवळा, म्हणजे एक सरळ पट्टी होईल. स्क्रूची दोन टोकं दोन पेल्यांच्या काठांवर टेकवा, पट्टी मध्ये मोकळी लटकू द्या. जे पातं खाली जाईल ते जड. पंखा बंद ठेवा, श्वाससुद्धा बाजूला सोडा. हलक्या पात्याच्या टोकाजवळ सेलोटेपचा छोटा तुकडा गुंडाळून चिकटवा. एक चौरस सेंटिमीटर सेलोटेप म्हणजे चार-पाच मिलिग्रॅम, त्यामुळे कात्रीने नखाएवढेच तुकडे कापा. पट्टी आडवी थांबली की झालं. चांगल्या नव्या जोडीला बहुतेक वेळा टेप लागतच नाही. दोन-तीन तुकडे लावूनही आडवी होत नसेल तर ती जोडी परत करा.

मी हे सगळं पुतणीसमोर केलं. आबांच्या काट्याची दांडी दाखवून तिला विचारलं, पारड्यात तेच वजन ठेवलं आणि पारडं दांडीवर आत सरकवलं तर? ती म्हणाली, "मग ते हलकं होईल." अकरा वर्षांच्या मुलीला एका वाक्यात कळलं. मला कपाटावर आपटण्यापासून भुवईपर्यंत सहा आठवडे लागले.

पाती परत बसवताना उलटी चूक होते, स्क्रू करकचून आवळायची. या छोट्या हेलिकॉप्टरांची पाती मुळाशी मोकळी हलली पाहिजेत. यंत्र आडवं धरलं की पातं स्वतःच्या वजनाने लोंबलं पाहिजे. फिरायला लागलं की ती स्वतः सरळ रेषेत येतात. आवळून टाकली तर जिथे अडकली तिथेच राहतात, आणि हादरा पुन्हा सुरू.

फ्लायबार बोटाने वरखाली करा. अडकता कामा नये, आणि त्याच्यापासून वरच्या रोटरला जाणारे छोटे दुवे दोन्ही टोकांना बसलेले असले पाहिजेत. आपटल्यावर एखादा हमखास निसटतो. ही वजनाची दांडी नुसती शोभेची नसते. ती फिरत असताना आपली पातळी सोडायला तयार नसते. यंत्र कललं तरी ती थोडा वेळ जुन्या पातळीतच फिरते आणि वरच्या पात्यांचा कोन बदलून यंत्राला परत सरळ ओढते. अमेरिकेत आर्थर यंगने बेल कंपनीच्या हेलिकॉप्टरसाठी अशीच दांडी वापरली, आणि ती ज्याच्यावर होती त्या बेल ४७ ला १९४६ साली नागरी वापराचा पहिला परवाना मिळाला. एकावर एक उलट फिरणाऱ्या रोटरची खरी हेलिकॉप्टरं बघायची असतील तर आपल्या नौदलाची कामोव्ह ३१ बघा. खेळण्यात दोन्ही कल्पना एकत्र आल्यात, म्हणून तर ते नवशिक्याच्या हातात टिकतं.

केस आणि धागे. आमच्याकडे तर जरीचा धागा निघाला होता. मोठ्या चक्राच्या दातांत आणि शेपटीच्या पंख्याच्या आसाला ते गुंडाळतात. चिमट्याने काढा. शेपटीचा पंखा अडखळला की यंत्र पुढे-मागे जाणं सोडतं आणि लोक मोटर जळाली म्हणून टाकून देतात.

आता नाक-शेपटीचा तोल. फ्लायबारच्या मध्याशी दोन बोटांनी धरून यंत्र लटकवा. अंग आडवं, किंवा नाक किंचित खाली, असं हवं. शेपटी खाली जात असेल तर हवेत ते मागे मागे सरकेल, आणि आपल्या प्रकारच्या रिमोटवर बहुतेक वेळा त्याचं ट्रिमच नसतं. तिथलं एकमेव ट्रिम नाक वळवण्याचं. नाकाच्या आत मुलांच्या खेळण्यातल्या मातीची मुगाएवढी गोळी दाबा. एकदम जास्त नको, नाक जड झालं की ते थांबतच नाही, पुढे पळत राहतं.

इतकं झालं की मगच बटण चालू. आणि इथे एक बारीक गोष्ट जवळपास सगळे चुकतात. ज्यात जायरो आहे ते यंत्र चालू होताच पहिल्या काही क्षणांत आपला शून्य ठरवतं. त्या वेळी ते हातात हलत असेल तर हलणं म्हणजेच स्थिर असं ते समजून बसतं, आणि तुम्ही पुढचा अर्धा तास ट्रिमशी झगडता. सपाट फरशीवर ठेवा, दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. सराफाने डबी ठेवून काट्याचा शून्य करायचा, तसंच आहे. डबी हलवत शून्य केलात तर पुढची सगळी वजनं चुकीची.

ट्रिम मध्यावर आणा. पंखे बंद, दारं बंद. इन्फ्रारेड रिमोट असेल तर उन्हाची तिरीप टाळा. उन्हातही तोच प्रकाश असतो, त्यात रिमोटचा हुकूम हरवतो आणि यंत्र कोसळतं. तुम्ही यंत्राच्या मागे उभे राहा, शेपटी तुमच्याकडे, म्हणजे त्याचं डावं ते तुमचं डावं. कोणी समोर बसणार नाही. आमच्याकडे आता चष्म्याशिवाय खोलीत कोणी येत नाही, साधा प्लॅस्टिकचा चष्मा, पण डोळ्यांवर असतो.

सरळ कमरेइतकं वर घ्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर ट्रिम करू नका, तिथे पात्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवरून परत येऊन यंत्राला भलतीकडे लोटते, ती चूक यंत्राची नसते. पहिलं अर्धं मिनिट नुसतं तरंगू द्या, मोटर गरम होऊ द्या. मग उजवी स्टिक सोडा आणि नाक बघा. डावीकडे वळतंय तर ट्रिम उजवीकडे, एक रेघ. थांबा, दोन श्वास. पुन्हा एक रेघ. एकदम चार रेघा फिरवल्या की ते उलटीकडे वळतं आणि माणूस मागेपुढे करत बसतो. बॅटरी संपत आली की वळण थोडं बदलतं, त्याला भुलू नका, ट्रिम मधल्या मिनिटांवर ठरवायचं.

चार चॅनेलचं, एका रोटरचं हेलिकॉप्टर घेतलंत तर तीन ट्रिम मिळतात: नाक वळवण्याचं, पुढे-मागे, डावी-उजवी. नाकाचं आधी करा, कारण नाक फिरत असेल तर बाकीचं सरकणं कुठल्या दिशेचं ते कळतच नाही. आणि त्यात थोडा उजवीकडचा कल कायम लागला तर घाबरू नका. बहुतेक मॉडेलांचा मुख्य रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. अंग उलट फिरू नये म्हणून शेपटीचा पंखा शेपटीला डावीकडे ढकलतो, आणि त्या ढकलण्याने सगळं यंत्रच हळूहळू डावीकडे सरकतं. ते रोखायला जरा उजवीकडे कलून राहावं लागतं. हा न्याय्य पासंग. तो रोज तेवढाच राहतो.

आणि उडवायचं ते घरात. आमच्या गल्लीत गच्चीवरून उडवणं म्हणजे विजेच्या तारा आणि खाली माणसांची डोकी. नवरात्रात सुनरहाईच्या देवीच्या दर्शनाला गर्दी लोटते तेव्हा तर विचारही करू नका. शहरात लष्करी भाग आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने आहेत, त्यांच्या आसपास मोकळ्यावर काहीही उडवायचं नाही, खेळणं असलं तरी.

पुतणीने तीन महिने रिमोटला हात लावला नव्हता. मी आग्रह केला नाही. एके दिवशी तीच पेले घेऊन आली आणि म्हणाली, पाती मी तोलते, तुम्ही बघा. तेव्हापासून तिची एक वही आहे. उडवल्याची तारीख, पाती कधी बदलली, आणि ट्रिम मध्यापासून किती रेघा, कुठल्या बाजूला. गेले सहा आठवडे तिथे "उजवीकडे १" असंच लिहिलंय. काल तिने लिहिलं "उजवीकडे २" आणि खाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. म्हणून आज ते उडालेलं नाही. ते आत्ता माझ्यासमोर दिव्याखाली उघडं आहे, खालची दोन पाती काढून ठेवली आहेत, आणि ती शाळेतून यायची आम्ही वाट बघतोय.